एकाच आठवड्यातले दोन बदल

साहेबांनी वर बोलावले तेव्हा मी ऑपरेटरला सांगून गेले की दहा मिनिटांत येते, तोवर हवा चालू राहू द्या. वरची बैठक लांबली. जिना उतरून खाली आले तेव्हा पावणेतीन तास होऊन गेले होते आणि रिअ‍ॅक्टरच्या काचेआड बुडबुडे अजून वर येत होते.

"बंद नाही केलीत?" मी विचारले.

"तुम्ही कुठे म्हणालात बंद करा?" ऑपरेटर म्हणाले. "राहू द्या म्हणालात, राहू दिली."

या गृहस्थांना सगळा कारखाना 'वादळ' म्हणतो. ते एक व्हॉल्व्ह फिरवून होईपर्यंत दुसरा माणूस चहा पिऊन कप विसळून ठेवतो. पण मिळालेल्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत, त्यामुळे चूक त्यांची नव्हती. मी बाटलीत नमुना घेतला आणि प्रयोगशाळेकडे अक्षरशः पळत सुटले. एक अख्खी बॅच मी नासवली आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आमचा कारखाना एकच वस्तू बनवतो. रिअ‍ॅक्टर म्हणजे पुरुषभर उंचीचे पोलादी भांडे. त्यात एक रंगहीन कच्चा द्रव तापवतात आणि तळातून हवा सोडतात. हवेतला ऑक्सिजन त्या द्रवाला एक पायरी वर नेतो आणि कडू बदामासारख्या वासाचे अल्डिहाइड तयार होते. साबणवाले आणि सुगंधवाले ते आमच्याकडून नेतात. पण ऑक्सिजनला थांबायचे कळत नाही. हवा चालू राहिली तर तो त्याच अल्डिहाइडला आणखी एक पायरी चढवतो आणि त्याचे आम्ल होते. आम्लाचे पांढरे स्फटिक नळ्यांमध्ये बसतात आणि सगळा माल फुकट जातो. पहिली पायरी चढवायची आणि दुसरीवर पाऊल पडू द्यायचे नाही, यालाच आमच्या शास्त्रात निवडक ऑक्सिडीकरण म्हणतात. क्रियेला वेग यावा म्हणून रिअ‍ॅक्टरच्या मधोमध जाळीच्या टोपलीत एका सच्छिद्र खनिजाचे तुकडे टांगलेले असतात. टाचा घासायला लोक वापरतात त्याच जातीचा तो दगड. त्याच्या असंख्य भोकांच्या आतून धातूचा पातळ थर दिलेला असतो आणि रासायनिक क्रिया घडते ती त्या थरावर.

रिअ‍ॅक्टरच्या बाहेर नमुन्याच्या तोटीजवळ एक स्टूल असते. त्यावर सव्वीस वर्षे माझी आत्या बसत आली आहे. दर दहा मिनिटांनी वादळ कागदाची पट्टी भिजवून तिच्या हातात देतात. ती पट्टी हवेत हलवते, डोळे मिटते, हुंगते आणि बहुतेक वेळा नुसती मान हलवते. कधीतरी साडेतीन-चार तासांनी ती "पुरे" म्हणते आणि हवा बंद होते. या सव्वीस वर्षांत एकही बॅच आम्लावर गेलेली नाही. माझे शिक्षण, वडिलांच्या आजारपणातली आमच्या घराची घडी, सगळे या "पुरे"वर उभे राहिले. स्वागतकक्षात तिचा पट्टी हुंगतानाचा मोठा फोटो आहे. गिऱ्हाइके आली की धाकटे साहेब, म्हणजे आताचे मालक, आधी तो दाखवतात आणि मग तिलाच दाखवायला आणतात.

मला दोन वर्षांपूर्वी इथे घेतले ते एका यंत्रासाठी. नमुन्यातले घटक वेगळे करून कागदावर प्रत्येकाचे एकेक शिखर काढणारे ते यंत्र. वर्षअखेरीस तोटीवरची जागा रद्द करून यंत्रावर काम चालवायचे, असे साहेबांच्या मनात होते. आत्याच्या निवृत्तीला दीड वर्ष बाकी होते. मी ठरवले की तिचे नाक आणि माझे यंत्र एकमेकांशी ताडून पाहायचे आणि नाक तसूभरही मागे नाही हे कागदावर सिद्ध करायचे. बावीस बॅचचा तक्ता झाला. बावीसही वेळा तिने "पुरे" म्हटले तेव्हा यंत्रानेही तेच सांगितले. तक्त्यात कमी होता तो एकच रकाना, "पुरे"नंतरचा. थोडा उशीर झाला असता तर काय झाले असते, हे दाखवल्याशिवाय तिच्या अचूकपणाची किंमत दिसणार नव्हती. म्हणून त्या दिवशी आत्या "पुरे" म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यावर मी हवा फक्त दहा मिनिटे जास्त ठेवणार होते.

यंत्राने शिखरे काढली. अल्डिहाइड चौऱ्याण्णव टक्के आणि आम्ल एक टक्क्याच्याही आत. आत्या उठून गेली त्या क्षणी होते तेवढेच.

पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले. दुसऱ्या क्षणी मी खुर्चीत बसले.

यंत्र बिघडले असणार, असे धरून चालणे सोपे होते. मी त्यात मुद्दाम आम्ल मिसळलेला नमुना घातला. आम्लाचे शिखर जिथे यायला हवे तिथे, जेवढे यायला हवे तेवढेच आले. मग विद्यार्थिदशेत करायचो तसे ब्युरेट घेऊन, थेंब मोजत, हाताने तपासले. उत्तर तेच. दुसऱ्या दिवशी आत्या घरी गेल्यावर मी वादळांना हवा चार तास चालू ठेवायला सांगितली.

"बाईंनी पुरे म्हटलंय," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"काल चुकून झालं. आज मुद्दाम करायचं म्हणता?"

"जबाबदारी माझी."

"जबाबदारीचं नाही हो," ते हळूच म्हणाले. "अंगावर काटा येतो."

चार तासांनीही तेच आकडे आले. तेव्हा मी काचेच्या चंबूत तोच कच्चा द्रव घेतला. दगड घातला नाही, नुसत्या धातूची भुकटी घातली आणि हवा सोडली. अडीच तासांनी चंबू गार केला तर तळाशी पांढरे स्फटिक साचले होते.

म्हणजे थांबवत होता तो दगड. कच्च्या द्रवाचा कण त्या भोकांमध्ये शिरतो, आतल्या धातूला चिकटतो, एक पायरी चढतो आणि सुटतो; एकदा सुटलेल्याला तो थर पुन्हा धरत नाही. असे का, ते मला आजही नेमके सांगता येणार नाही. पण आकडे स्वच्छ होते. साडेतीन तासांनंतर आलेख सपाट होतो आणि सपाटच राहतो. माझ्या बावीस बॅचच्या तक्त्याला काही अर्थ उरला नव्हता. पठारावर कुठेही उभे राहिले तरी उंची तीच भरते.

मग मी कपाटातले पहिल्या वर्षाचे रजिस्टर काढले. धाकट्या साहेबांच्या वडिलांचे, थोरल्या साहेबांचे, ठाशीव अक्षर. पहिले पाच महिने पानापानांवर 'आम्ल झाले', 'नळ्या तुंबल्या' एवढेच. नंतर एका मंगळवारची नोंद: 'भुकटीऐवजी सच्छिद्र दगडावर धातू चढवून पाहिला. टोपली बसवली.' त्याच आठवड्यातल्या गुरुवारची नोंद: 'पॅकिंगमधल्या बाई म्हणतात की माल नासण्याआधी वास बदलतो. त्यांना तोटीवर बसवले.' आणि शनिवारी, खाली दोन रेघा मारून: 'पहिली निर्दोष बॅच. नाकाची कमाल.'

मी ते पान किती वेळा वाचले, सांगता येत नाही. मंगळवार आणि गुरुवार. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात. थोरल्या साहेबांनी दोन बदलल्या आणि श्रेय दुसरीला दिले. पुढे सव्वीस वर्षे कोणाला ते तपासावेसे वाटले नाही, कारण तपासायचे म्हणजे एखादी बॅच नासण्याचा धोका पत्करायचा. चांगली चाललेली गोष्ट कोण मोडून पाहणार?

रविवारी दुपारी आत्या गॅलरीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आई आत आडवी झाली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"आत्या, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"लग्न ठरवलंस की काय?"

"नाही."

"मग रागवायचं कशाला."

मी सांगितले. चांगले-वाईट काही न म्हणता, वर्गात शिकवावे तसे क्रमाने सांगितले, कारण दुसऱ्या कुठल्याही सुरात मला ते बोलता आले नसते. तिच्या हातात उशीचा अभ्रा होता. ती त्याची घडी घालत राहिली. अर्धी, पाव, आणखी अर्धी, इतकी की पुढे घडी पडेना.

"किती तास ठेवलीस हवा?"

"पुरेनंतर चार."

"आणि आंबलं नाही?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"तू पुरे म्हणतेस तेव्हा असतं तेवढंच."

"हे आत्ता आत्ता असं झालंय की माझ्या आधीपासूनच?"

"तुझ्या दोन दिवस आधीपासून," मी म्हणाले.

ती हसली. तसे हसताना मी तिला कधी पाहिले नव्हते. हसू चेहऱ्यावर आले आणि कुठे जावे ते न कळल्यासारखे तिथेच थांबले. मग तिने अभ्रा मांडीवर ठेवला.

"मला वास येत नाही, अगं."

धक्क्याने ती काहीतरी बोलते आहे असे मला वाटले. "कशाचा?"

"कशाचाच नाही. तो मोठा ताप आला होता ना मला, तो उतरला आणि नाक गेलं. चार वर्षं झाली."

रस्त्यावरून कोणीतरी सायकल हातात धरून चालले होते. तिची साखळी सैल असावी, प्रत्येक फेरीला एकदा वाजत होती. तो आवाज मी कोपऱ्यापलीकडे जाईपर्यंत ऐकला. बावीस बॅच मी तिच्या शेजारी वही घेऊन उभी होते. तिने पट्टी हलवली, डोळे मिटले, श्वास आत घेतला, आणि मी घड्याळ पाहून वेळ टिपून घेतली होती.

"परवा दूध करपलं," मी म्हणाले. "तू तिथेच बसली होतीस."

"धूर दिसला तेव्हा उठले."

"आईच्या स्वयंपाकाला म्हणतेस ना, वास आला आणि भूक लागली म्हणून?"

"ते वहिनीला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल." तिने मांडीवरचा अभ्रा सरळ केला. "तुझ्या पहिल्या पगाराची ती अत्तराची बाटलीसुद्धा. रंग छान आहे तिचा."

"मग पुरे कधी म्हणायचं, हे कसं ठरवायचीस?"

"घड्याळ. बुडबुड्यांचा आवाज शेवटी जरा संथ होतो, ते. आणि वादळाचं तोंड. भूक लागली की त्याची नजर डब्याकडे जाते, ते साधारण त्याच सुमाराला." मग तिचा आवाज खाली गेला. "चार वर्षं मी रोज सकाळी त्या फाटकातून आत जाते ती धडधडत जाते. आज नासणार. आज नक्की नासणार आणि सगळ्यांना कळणार की ही बया नुसती बसते आहे. संध्याकाळी नासली नाही म्हणून कळलं की मला रडू यायचं. बसमध्ये तोंड खिडकीकडे करून बसायचे. मला वाटायचं, इतक्या वर्षांच्या सरावानं अंगात काहीतरी मुरलंय, नाक गेलं तरी ते सांगतंय."

मी तिचा हात धरला.

"म्हणजे नाक होतं तेव्हाही," ती म्हणाली. तिने वाक्य तिथेच सोडले, मग पुन्हा उचलले. "तेव्हा मला खरंच कळायचं, बरं का. कच्चेपणा जाऊन वास गोल व्हायचा. ते खोटं नव्हतं."

"नव्हतंच."

"कळायचं ते खरं. उपयोग मात्र नव्हता."

तिला दिलासा देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. म्हणून मी ती दोन दिवस योजून ठेवलेली गोष्ट बोलले. अहवालात बावीस बॅचचा तक्ता द्यायचा. नाक आणि यंत्र तंतोतंत जुळले असे लिहायचे. त्यातला एकही आकडा खोटा नाही. "पुरे"नंतरचा रकाना काढून टाकायचा. दीड वर्ष सहज निघेल.

आत्याने माझ्याकडे निरखून पाहिले. मी लहानपणी खोटे बोलले की ती अशीच पाहायची.

"आकडे खरे आणि कागद खोटा. हे शिकायला पाठवलं होतं का तुला?"

"तुझ्यासाठी म्हणते आहे."

"तुझ्यासाठी नाही ना?" ती म्हणाली. "कारण मला एक सांग. ते आपोआप थांबत असेल तर नाक नको, हे कळलं. मग थांबलं की नाही हे बघायला यंत्र तरी कशाला हवं? म्हणजे मी गेले तशी तूही गेलीस की."

शपथेवर सांगते, हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. आकडे माझे होते, तर्क साधा होता, आणि तो सातवी शिकलेल्या बाईने उशीच्या अभ्र्याची घडी मोडता मोडता मांडला होता.

"पदवीधर," ती म्हणाली आणि या वेळी मात्र नेहमीसारखी हसली.

सोमवारी ती तोटीवर गेली नाही. माझ्याबरोबर थेट जिना चढून साहेबांच्या खोलीत आली. धाकटे साहेब म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचे, टक्कल पडलेले, सभ्य गृहस्थ; वडील जाऊन बारा वर्षे झाली तरी 'धाकटे' हे विशेषण त्यांना चिकटून राहिले होते. बाई स्वतःहून वर आल्या म्हणून ते उठून उभे राहिले.

मी टेबलावर आलेख मांडला, रजिस्टरचे ते पान उघडून ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. ते आधी हसत ऐकत होते. मग चष्मा काढून त्यांनी पान डोळ्यांजवळ नेले. बोट मंगळवारवर ठेवले, गुरुवारवर आणले, पुन्हा मंगळवारवर नेले.

"हे मी वाचलेलं आहे," ते म्हणाले. "कितीतरी वेळा वाचलंय. पाहुण्यांना वाचून दाखवलंय."

त्यांनी पान हळूच खाली ठेवले.

"मीही रसायनशास्त्रच शिकलो," ते म्हणाले. "बाबांच्या आग्रहानं."

"साहेब, आणखी एक आहे," आत्या म्हणाली आणि तिने नाकाचे सांगितले. दोन वाक्यांत सांगितले. तापाचा महिना सांगितला, वर्ष सांगितले आणि हात पदराखाली घेऊन उभी राहिली.

ते बराच वेळ खिडकीकडे पाहत होते. त्या खिडकीतून दिसण्यासारखे काही नाही. शेजारच्या गोदामाची भिंत आहे. शेवटी ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा मला वाटला होता तसा रागावलेला नव्हता. हरवल्यासारखा होता.

"बाई, हे आपल्या तिघांत राहू दे," ते म्हणाले. "यंत्र लागेलच. दगड कधीतरी थकेल, भोकं बुजतील, तेव्हा कोणाला तरी कळायला हवं. या तुमच्या भाचीताई राहतील. तुम्हीही राहा, जागा रद्द करायचं मी मनातून काढलं. निवृत्तीपर्यंत बसा तोटीवर. लोक तुम्हाला बघायला येतात."

"आणि मी काय करू, साहेब? हुंगल्यासारखं करू?"

"चार वर्षं केलंतच ना." हे त्यांनी टोचून म्हटले नाही. विनंती केल्यासारखे म्हटले.

"केलं," आत्या म्हणाली. "पण तेव्हा भीत होते. माझ्या हातून नासेल, या भीतीनं जीव मुठीत धरून बसत होते. खोटं होतं, पण त्यात माझा जीव होता. आता काही नासणार नाही हे मला माहीत आहे. आता पट्टी नाकाशी धरली तर ती नुसती नक्कल होईल. ते मला जमायचं नाही. उद्यापासून तोटीवर मी नाही."

साहेबांनी उघडे रजिस्टर मिटले.

"आज मात्र आहे," ती म्हणाली. "हिच्या कागदावर नको, मला डोळ्यांनी बघायचंय. हवा बंद करू नका. शिफ्ट संपेपर्यंत चालू द्या. मग भांडं उघडा."

खाली येऊन तिने वादळांना स्वतःच सांगितले. ते नेहमीच्या गतीने ऐकत राहिले. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"मग मी इतकी वर्षं कोणाच्या शब्दावर व्हॉल्व्ह बंद केला?"

"माझ्या."

"आणि नसता केला तर?"

"काही झालं नसतं."

"तुम्ही मुलाच्या लग्नाला दोन दिवसांची सुट्टी नव्हती घेतली, बाई," वादळ म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. मी तो पहिल्यांदा चढलेला ऐकत होते. "माझ्या मुलाच्या. बॅच कोण बघणार म्हणून. आम्ही घरचे सगळे म्हणालो, बरोबर आहे, बाईंचं कामच तसं आहे."

आत्याने त्यांच्याकडे पाहिले. "हो," ती म्हणाली. "तसंच म्हणाले होते मी."

त्या दिवशी तिने स्टूल ओढून रिअ‍ॅक्टरच्या काचेसमोर घेतले. सव्वीस वर्षे ती त्या भांड्याकडे पाठ करून, तोटीकडे तोंड करून बसली होती. आतला द्रव असा समोरून तिने क्वचितच पाहिला असेल. साडेतीन तास झाले. चार झाले. बुडबुडे संथ झाले. वादळांनी सवयीने पट्टी भिजवून पुढे केली आणि तशीच मागे घेतली. पाच तास झाले. साहेब खाली येऊन पॅकिंगच्या खोक्यावर बसले. मी दर अर्ध्या तासाने नमुना नेत होते आणि परत येऊन नुसती मान हलवत होते. तिने तीनदा विचारले, नंतर विचारायचे सोडून दिले. काचेआडचा द्रव स्वच्छ होता, सकाळी अकराला होता तसाच. आम्ही चार माणसे एका पोलादी भांड्याभोवती बसून काहीतरी वाईट होण्याची वाट पाहत होतो, आणि ते होत नव्हते. ते होत नव्हते हेच आम्हाला पाहवत नव्हते.

तीन वाजता हवा बंद केली. भांडे गार व्हायला, रिकामे व्हायला दोन तास गेले. वादळांनी झाकणाचे बोल्ट एकेक करून काढले. झाकण सरकताच कडू बदामाच्या वासाचा असा लोट आला की साहेब रुमाल नाकाला लावून मागे सरकले आणि मीही तोंड फिरवले. आत्या तेवढी जागची हलली नाही. तिने बॅटरी घेतली आणि थेट भांड्याच्या तोंडात वाकली. भिंती पाहिल्या, तळ पाहिला, नळीचे तोंड पाहिले. कुठेही पांढरा कण नव्हता. ती वर आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्या वाफेने ते सगळ्यांच्याच येते.

"तो दगड दाखवा मला," ती म्हणाली.

"पाहिला नाहीत कधी?" साहेबांनी विचारले.

"टोपली आतच असायची. मी बाहेर."

वादळांनी हातमोजा घालून टोपलीतून एक तुकडा काढला, पाण्याखाली बराच वेळ धरला आणि तिच्या तळहातावर ठेवला. सुपारीएवढा, करडा, अंगभर बारीक भोके असलेला. ती हात खालीवर करून पाहत राहिली, बाजारात वस्तूचा अंदाज घ्यावा तशी. तिने तो उजव्या हातातून डाव्यात घेतला, पुन्हा उजव्यात घेतला. तिच्या कपाळाला आठी पडली होती. काहीतरी राहून गेले आहे, एखादा भाग अजून यायचा आहे, असे तिला वाटत असावे.

"याला वजनच नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. "आत सगळी हवाच असते."

मग तिने तो तुकडा वादळांच्या हातात दिला आणि सांगितले, "ठेव जागेवर. सांभाळून ठेव, फोडू नकोस." वादळांनी तो तिच्या हातून घेतला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी काही झटकन केले, आणि नंतर दोन्ही तळव्यांत तो दगड धरून ते नुसतेच उभे राहिले.